शिंगाक शेक व्हयो

आम्हा कोकणातल्या मुलींच्या डोक्यावरून आयुष्यात पहिली फिरली ती शिंगाची फणी. आम्ही म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली, एका चुलीवर जेवणाऱ्या मोठ्या घरातली चुलत भावंडे. प्लास्टिकचा कंगवा आमच्याकडे आला तो गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून, आरसे, रिबिनी आणि पावडरच्या डब्यांबरोबर. फणी मात्र घरातच जन्मलेली. दोन्ही बाजूंना दात, एका बाजूचे जरा मोठे आणि दुसऱ्या बाजूचे इतके बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दोन दातांमधली फट दिसायची नाही. सुट्टीच्या दुपारी मागल्या दारी आम्ही ओळीने बसायचो, मांडीवर पांढरे फडके पसरायचे, आणि आजी एकेकीचे डोके हातात घ्यायची. फणी खोबरेलात माखलेली असायची. त्या दातांतून उवा सुटत नसत आणि लिखाही सुटत नसत. डोक्याला ओरखडा कधी उठला नाही, कारण शिंगाच्या दाताचे टोक घासूनपुसून गोल केलेले असे आणि वर्षानुवर्षे तेल पिऊन ते आणखी गुळगुळीत होत जाई.

ती फणी राहायची फणेरपेटीत. झाकणाला आतून आरसा, खणात कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, आणि कडेला फणी. तिन्हीसांजेनंतर पेटी उघडायची नाही, केस विंचरायचे नाहीत, हा घरचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. फणी गरम पाण्याने धुवायची नाही हाही नियमच. गरम पाण्यात दात वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. तिच्यातला मळ दोऱ्याने काढायचा, मग राखेने पुसायचे, मग तेलाचा हात. आम्हाला ही सगळी बायकांची शिस्त वाटायची. ती खरे तर शिंगाची शिस्त होती हे आम्हाला पुढे कळले, आणि कळले ते पडवीत, तात्यांच्या शेगडीपुढे बसून.

पण तात्यांकडे जाण्याआधी घरात शिंगाचे आणखी काय काय होते ते सांगते, कारण आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. आजोबांच्या काठीची मूठ शिंगाची. त्यांची तपकिरीची डबी शिंगाची, चरकावर कातलेली, झाकण इतके घट्ट की पावसाळ्यातही तपकीर सर्द होत नसे. माळ्यावर ठासणीच्या बंदुकीबरोबर टांगलेले दारूचे शिंग होते. बंदूक कधीच मोडीत गेली, शिंग राहिले. शिंगातल्या दारूला ओल लागत नाही आणि शिंगातून ठिणगी उडत नाही, म्हणून बंदुकीची दारू त्यात ठेवायची. शिवाय सहाणेजवळ सांबरशिंगाचा तुकडा. सूज आली, छाती भरली की तो उगाळून लेप घालायचा. गावात वैदू आले की त्यांच्या झोळीत पोकळ शिंगे असत, दुखऱ्या जागी लावून, तोंडाने ओढून रक्त काढायची. आणि देवळात महादेवाला पर्वणीच्या दिवशी शिंगातून अभिषेक व्हायचा. म्हणजे जन्मलेल्या पोराच्या जावळापासून देवाच्या पिंडीपर्यंत शिंगाचा वावर होता, आणि त्यात विशेष काही आहे असे घरात कुणालाच वाटत नव्हते.

आमचे घर सुतारांचे, विजयदुर्गच्या खाडीकाठचे. त्या खाडीत एकेकाळी मराठी आरमाराची गोदी होती आणि आमच्या पूर्वजांनी तिथे लाकूड तासले असे घरात सांगत. आरमार गेले, गलबते कमी झाली, आणि सुतारांच्या हाताला दुसरे काहीतरी लागले. विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या वस्तू होतात याची नोंद मुंबई सरकारने 1880 साली छापलेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, हे काम करणारे आमच्या घरातले शेवटचे. दिवसा ते दारे, खिडक्या, पाट करत. शिंग घेत ते हिवाळ्यात, पाऊस सरून हवा कोरडी झाली की. ओल्या हवेत शिंग ओल धरते, आज सरळ केलेली पट्टी उद्या सकाळी पुन्हा वाकडी दिसते, म्हणून पावसाळ्यात ते शिंगाला हात लावत नसत.

आता काम कसे चाले ते सांगते. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या नंतर हे डोळ्यांनी पाहिलेले माणूस आमच्या घरात नाही.

गाय, बैल, म्हैस, गवा यांचे शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखाच्या जातीचे जाड कवच. केस, नखे, खूर आणि हे कवच, सगळे एकाच द्रव्याचे, त्याला केरॅटिन म्हणतात. हरणाच्या जातीचे तसे नाही. सांबराचे शिंग हे सबंध हाड, दरवर्षी गळते आणि नवे येते. म्हणून सांबरशिंग उगाळता येते, कापता येते, पण शेकून वाकवता येत नाही. हा फरक तात्यांनी आम्हाला पहिल्यांदा शिकवला. एक तुकडा निखाऱ्यावर टेकवून त्यांनी नाकाशी धरला. केस जळाल्याचा वास आला तर ते खरे शिंग, कामाचे.

आलेले शिंग आधी पाण्यात मुरत पडायचे, घरापासून लांब, कारण वास सहन व्हायचा नाही. आतला गाभा सैल झाला की आपटून बाहेर काढायचा. मग धुऊन, सावलीत वाळवून, नीट पाहायचे. म्हशीचे शिंग बुडाकडे पोकळ आणि टोकाकडे भरीव. पोकळ भागाच्या पट्ट्या निघतात, त्यांच्या फण्या. भरीव टोकातून काठीच्या मुठी, बटणे, सुरीच्या मुठी. कुठे कापायचे हे ठरवायला तात्या कामापेक्षा जास्त वेळ घेत. शिंग हातात फिरवत, नखाने वाजवून पाहात, आत चीर आहे का ते कानाने ओळखत. पोकळ भाग करवतीने वेगळा काढला की त्याला उभी चीर द्यायची.

मग खोबरेल. आत आणि बाहेर तेल माखून ते रात्रभर ठेवायचे, सकाळी पुन्हा माखायचे. शेगडीत करवंट्यांचे निखारे. लाकडाचा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो. करवंटीचा निखारा शांत जळतो आणि त्याची धग सारखी लागते. सांडशीत शिंग धरून ते निखाऱ्यासमोर फिरवत राहायचे, वर नाही, समोर. आम्ही मुले वारा घालायला बसायचो आणि आमच्यातला कुणीतरी हटकून जोरात घालायचा. मग तात्यांचे ठरलेले वाक्य यायचे, "शिंगाक शेक व्हयो, जाळ नको." ते रागावत नसत. नुसते म्हणत आणि सांडशी हातभर मागे घेत. धग जास्त झाली की शिंगावर फोड येतात, पांढरे डाग पडतात, आणि तो भाग पुढे काचेसारखा ठिसूळ होतो. कमी पडली तर उघडताना चिरते. या दोहोंच्या मध्ये एक वेळ असते, फार थोडी. तेव्हा ते मेणासारखे मऊ होते. तात्या चिमट्याचे टोक टेकवून पाहात, आणि मग एकदम हालचाल सुरू व्हायची. चीर दिलेले शिंग दोन सांडशांनी उघडायचे, तापवलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये ठेवायचे, शिकंज्यात आवळायचे, आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाईने सोडले तर ते पुन्हा वळायला लागते. गार झाले की पट्टी सपाट, आणि सपाटच राहते.

यात एक गोष्ट आम्हाला फार नवलाची वाटायची. सपाट झालेली पट्टी चुकून चुलीजवळ राहिली, तर ती हळूहळू आपल्या जुन्या वळणावर जाऊ लागे. जनावराच्या डोक्यावर जसे वळण होते तसे. म्हणून तर फणी गरम पाण्याने धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही. वाकवलेल्या मुठीलाही तेच. म्हणून मूठ वाकवताना तात्या थोडी जास्तच वाकवत, पुढे ती किती सुटेल याचा हिशेब मनात धरून. हा हिशेब कुठे लिहिलेला नव्हता.

फणीचे दात पाडणे हे डोळ्यांचे काम. पातळ करवतीने, आधी मध्याच्या रेघेपर्यंत एक बाजू, मग दुसरी. दातांच्या मुळाशी करवत रेघेपुढे गेली की दात मोडणार. तात्यांचे डोळे गेले तेव्हा आधी फण्या थांबल्या, मुठी पुढे बरीच वर्षे चालल्या.

आणि घासणे हे काम घरातल्या बायकांचे आणि आमचे. आधी कानस, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचे, मग खरवतीची पाने. कोकणातल्या माणसाला खरवत सांगायला नको. पान हातात घेतले की जिभेवर खरखर आल्यासारखे वाटते, इतके ते खरबरीत. ओले करून घासायचे, पान झिजले की दुसरे. त्यानंतर कोळशाची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून, आणि शेवटी नुसता तळहात. आत्या म्हणायची, चकाकी हातातली ऊब देते. आमचे तळहात काळे व्हायचे आणि बोटांना तो वास दोन-दोन दिवस राहायचा. शाळेत शेजारी बसायला मुली नाक मुरडायच्या. पण शेवटच्या घासणीत शिंगाच्या पोटातले रंग वर यायचे, काळ्यातून तपकिरी, तपकिरीतून मधाळ रेषा, आणि प्रत्येक तुकड्याच्या वेगळ्या. ते पाहिलेले माणूस दुकानातल्या एकसारख्या कंगव्यावर कधीच भुलत नाही.

गव्याचे शिंग याहून निराळे. बुडाशी पिवळसर, हिरवट झाक असलेले, टोकाला काळेभोर. ते शेकल्यावर जितके देखणे होई तितके म्हशीचे होत नसे. जुन्या वस्तू, म्हणजे पेले, डब्या, मुठी, बहुतेक त्याच्याच. आम्ही गवा पाहण्याच्या कितीतरी आधी त्याचे शिंग पाहिले. शिकाऱ्यांकडून, घाटाखालच्या जंगलांतून ते यायचे. 1958 साली राधानगरीला दाजीपूरचे अभयारण्य झाले ते गव्यासाठीच, आणि 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. गवा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार गुन्हा, त्याच्या शिंगाचा धंदा गुन्हा. सांबरशिंगाच्या धंद्यालाही बंदी आहे, मग ते जंगलात आपोआप गळून पडलेले का असेना. विजयदुर्गचे जे काम पुस्तकात नोंदवले गेले ते अशा रीतीने संपले, आणि ते संपायला हवे होते. मी कारागिराच्या घरातली मुलगी आहे आणि हे मनापासून लिहिते. एका जनावराला मारून मिळणारी मूठ कितीही सुंदर असली तरी त्या जनावराएवढी मोलाची नाही. तात्याही हेच म्हणत. त्यांनी कायद्याच्या आधीच गव्याचे शिंग घेणे सोडले होते. म्हैस घरोघर आहे, ती आपल्या मरणाने मरते, तिचे शिंग उकिरड्यावर जाते, ते घ्या की, असे त्यांचे म्हणणे.

पण म्हशीचे शिंग तरी घरात कसे यायचे? यावर आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही, म्हणून मी लिहिते. मेलेले जनावर ओढून नेणे आणि सोलणे हे काम गावाने महारवाड्यावर लादलेले होते. शिंगे तिथूनच यायची. एक वयस्क बाबा पोत्यात घालून घेऊन यायचे. पोते पडवीवर जायचे, बाबा खळ्याच्या कडेलाच उभे. पैसे वरून टाकले जायचे. तेच शिंग घासून पुसून फणेरपेटीत जाई, कुंकवाच्या करंड्याशेजारी, देवळात पिंडीवरही जाई, पण ज्याच्या हाताने ते सोडवले तो माणूस पायरी चढू शकत नव्हता. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा असे आपल्या लोकांना सांगितले, आणि पुढे गावोगावच्या लोकांनी मेलेली गुरे ओढायला नकार दिला. आमच्या गावात हे 1956च्या धर्मांतरानंतर घडले. बाबा यायचे थांबले. घरात कुरकुर झाली, धंदा बसला असे मोठी माणसे म्हणाली. धंदा बसला हे खरेच, पण त्यांचा नकार त्याहून खरा होता. शिंगकामाच्या आठवणी काढताना नुसती चकाकी आठवायची आणि खळ्याच्या कडेला उभा राहिलेला माणूस विसरायचा, हे मला जमत नाही. त्यानंतर तात्या कोल्हापूरहून शिंगे आणवू लागले.

कोल्हापूर हे आमच्या आईचे माहेर, आणि तिथे शिंगाची एक वेगळीच जात आम्ही पाहिली, जिवंत जनावराच्या डोक्यावरची. पंढरपुरी म्हैस ज्याने पाहिली नाही त्याला सांगून समजायचे नाही. तलवारीसारखी लांब शिंगे मागे खांद्यांच्याही पलीकडे गेलेली, गोठ्यात शिरताना तिला मान तिरकी करावी लागते. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, सजवून रस्त्यावरून मिरवायच्या, मालकाने मोटारसायकल पळवायची आणि म्हैस तिच्यामागे धावायची, हे कोल्हापूरकरांचे वेड आम्ही मामाच्या खांद्यावर बसून पाहिले, तेव्हा मोटारसायकलच्या जागी सायकल होती. आणि बेंदूर. आषाढात बेंदराच्या आदल्या दिवशी मामा बैलांची शिंगे साळायला बसे. धारदार सुरीने वरचा खरबरीत थर उतरवायचा, काचेने खरवडायचे, शेवटी तेल. म्हणजे तात्या पडवीत जे करत तेच, फक्त शिंग बैलाच्या डोक्यावर आणि बैल डोळे मिटून उभा. मग हिंगूळ, बेगड, टोकांना पितळी शेंब्या, गोंडे. खिलारी बैलाची शिंगे साळून साळून बारीक, टोकदार, मागे झुकलेली करण्यात मालकाची सगळी हौस. जास्त साळले तर शिंग कोवळे पडते, रक्त दिसते, बैल मान हलवतो. मामाचा हात तिथेच थांबे.

गाईच्या शिंगावर बुडाशी वलये असतात. वेताबरोबर ती पडत जातात, म्हणून शिंग पाहून वेते मोजता येतात. बाजारात काही व्यापारी कानशीने ही वलये घासून टाकत आणि म्हातारी गाय तरुण म्हणून खपवत. मामा शिंगावरून नुसता अंगठा फिरवी आणि म्हणे, "हिला घासलिया." आमच्या पिढीतल्या पोरांना ही परीक्षा येत असे. आता ती कशावर घेणार? संकरित गाईच्या वासराचे शिंग कोंब असतानाच डागून टाकतात. गोठ्यात गर्दी असते, जनावरे एकमेकांना लागतात, मालकाची सोय होते. कारण समजते, तरी गोठ्यात गेले की गाईचे डोके उघडे वाटते.

मग आम्ही मोठे झालो, मुंबईला गेलो, आणि शिंग आमच्यामागे तिथेही आले, पण रूप बदलून. 1970च्या आसपास गिरगाव, परळ, दादरच्या दोन खोल्यांत शोकेस नावाची वस्तू आली. काचेची सरकती दारे, आत चिनीमातीची बाहुली, ताजमहाल, बोर्नव्हिटाचे मग, आणि शिंगाचा बगळा. लाकडी गोल बैठकीवर उभा, मान वळवलेली, चोचीत कधी मासा. किती घरांत तो होता! लग्नात आहेर म्हणून यायचा, बदली होऊन निघालेल्या साहेबाला निरोपाची भेट म्हणून जायचा. आमच्या ओळखीच्या एकाही घरात कुणाला माहीत नव्हते की ते शिंग आहे. प्लास्टिक असेल असे समजून मोलकरीण गरम पाण्याच्या फडक्याने पुसायची, आणि वर्षभरात बगळ्याची मान कललेली दिसायची. ती मान कशी वाकवलेली असते हे आम्हाला माहीत होते. भरीव टोक शेकायचे, हातावर ओले फडके गुंडाळून सावकाश वळवायचे, आणि गार होईपर्यंत तसेच धरून ठेवायचे. हात अवघडून जातो. त्या बगळ्याच्या मानेतल्या प्रत्येक वळणामागे कुणाचा तरी अवघडलेला हात आहे.

असे बगळे ओडिशातल्या कटक आणि परळाखेमुंडीहून येत, केरळातूनही येत, आणि आमच्या सावंतवाडीतही होत. सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी आणि गंजिफांसाठी नावाजलेली. तिथल्या गंजिफांची कला मरायला टेकली होती. ती राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून जगवली, आणि 2018 साली त्या गेल्या तरी ते काम चालू आहे. शिंगकामालाही असाच कुणाचा तरी भक्कम आधार हवा होता. उत्तर प्रदेशात संभलला अजून हा धंदा मोठा आहे. तिथल्या सराय तरीन या वस्तीत घरोघर शिंग आणि हाडाचे काम चालते, आणि तिथल्या सरकारने 2018 मध्ये 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना सुरू केली तेव्हा संभल जिल्ह्याला हेच उत्पादन दिले. म्हणजे आजच्या दिवसातही बटण, फणी, चमचा, चष्म्याची काडी शिंगाची करून पोट भरता येते. बगळाच केला पाहिजे असे नाही.

प्लास्टिकने फणी घालवली असे सगळे म्हणतात. ते अर्धे खरे. सेल्युलॉइड आणि त्याच्या जातीची पहिली प्लास्टिके निघाली ती शिंग, कासवाची पाठ आणि हस्तिदंत यांची नक्कल करण्यासाठीच, आणि कंगवा हा त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या मालांपैकी एक होता. पण आमच्या घरात फणी गेली ती त्याहून साध्या कारणाने. एक फणी तिघांचे दोन दिवस खायची. मुंबईहून आलेला कंगवा काही आण्यांत मिळायचा, हरवला तर कुणी शोधायचे नाही. चुलतभावांपैकी एकाने शिंग धरून पाहिले, मग तो माझगावच्या गोदीत लागला आणि पगाराच्या पहिल्या महिन्यातच तात्यांना म्हणाला की मी आता शेगडीसमोर बसणार नाही. तात्यांनी त्याला आशीर्वाद दिला. त्याचे चुकले असे मी कधी म्हटले नाही, आजही म्हणणार नाही. ज्या कामात दोन वेळचे जेवण सुटत नाही ते काम मुलाने धरावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मला खटकते ते वेगळेच. राज्यात म्हशी आजही लाखांनी आहेत. त्यांची शिंगे हाडांबरोबर गोणीत भरून गिरणीत जातात आणि चुरा होऊन खत म्हणून परत येतात. शिंगाचा चुरा नत्राने भरलेला असतो, झाडाला चांगला, यात वाद नाही. पण ज्या शिंगातून पन्नास वर्षे टिकणारी फणी निघते ते सरसकट दळून टाकायचे, आणि डोके विंचरायला असा कंगवा घ्यायचा की जो सहा महिन्यांत दात टाकतो आणि मग शंभर वर्षे कुजत नाही, यात शहाणपण दिसत नाही. शिंगाची फणी केसांना चिकटत नाही, कोरड्या हवेत केस तडतडवत नाही, तेल धरते आणि थोडे थोडे सोडते. शेवटी मोडली तर मातीत घाला, खत होते. आयटीआयत सुतारकामाचा वर्ग आहे, फॅशनच्या संस्थांत बटणे आणि दागिन्यांचे वर्ग आहेत. तिथे एक शेगडी, एक शिकंजा आणि संभलचा किंवा कटकचा एक कारागीर आणून बसवायला फार मोठा खर्च नाही. शेकाची वेळ पुस्तकातून शिकता येत नाही, ती हाताखाली बसूनच शिकावी लागते. आणि शिकवील असा माणूस उद्या असेलच असे धरून चालू नये.

आमच्या आजीची फणी आता माझ्याकडे आहे. एका बाजूचे दात गेले आहेत, दुसरी बाजू शाबूत. नात डोके धुऊन आली की मी ती वापरते. तिला प्लास्टिकपेक्षा ही आवडते, ती म्हणते डोक्याला बरे वाटते.

तुमच्या घरी अशी फणी, डबी, काठी असेल तर दोन गोष्टी करा. ती गव्याची किंवा सांबराची असेल तर विकू नका, विकत घेऊ नका, वनखात्याचे नियम विचारून घ्या. म्हशीची असेल तर पेटीतून बाहेर काढा. कसर लागली आहे का पाहा, कारण लोकर खाणारी कीड शिंगही खाते. कोरड्या फडक्याने पुसा, खोबरेलाचा हात द्या, उन्हापासून आणि गरम पाण्यापासून लांब ठेवा, आणि वापरा. घरात ऐंशीच्या पुढचे माणूस असेल तर ती त्यांच्या हातात द्या आणि कुणी केली, कुठून आणली, शिंग कोण आणून द्यायचे, हे विचारून वहीत लिहून ठेवा. हे या दिवाळीतच करा.